पाणी देणारी पेटी

॥ श्री ॥

उद्यमनगर, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर १९९७

चि. रक्षिता हिस मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल. तुझी मामी गुडघ्याला तेल लावत बसते आणि तुझ्या नावानं ओरडते, की पुण्यात ही पोरगी उभ्याउभ्या जेवत असणार. मी सांगितलं, इंजिनेर लोक बसून जेवले तर कंपनी बुडते. तिला पटलं नाही.

एरवी 'पत्रास कारण की' असं लिहून माणूस गावभर फिरून मुद्द्यावर येतो. मी सरळ येतो. पत्रास कारण भीती.

मल्लेश परवा सुट्टीवर घरी आला. साखर कारखान्यात बॉयलरवर लागून त्याचा हा दुसरा हंगाम. तुझ्या या मामेभावाची जीभ तुला ठाऊक आहे, स्टँडवर उतरला की गल्लीत आवाज पोचतो. या खेपेला दोन घास खाल्ले आणि गप बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, आक्कानं बसवलेली पेटी बॉयलरला पाणी देतीय, आणि ती रोज वेगळी वागतीय.

बाई, मी शिकलेला माणूस नाही. जळक्या मोटारी उघडून उघडून वायंडिंग शिकलो, त्यावर दुकान चाललं. पण बॉयलर म्हणजे काय ते मला कळतं. वर ड्रम, ड्रमात पाणी, बाहेर काच. काचेत पाणी अर्ध्यावर दिसलं की पोरं निवांत चहा पितात. ते खाली गेलं की नळ्या लाल होतात, फुटतात, आणि समोर उभा असेल त्याला वाफ विचारत नाही तू कुणाचा. आपल्या गल्लीतला ज्ञानू आठवतो? दुसऱ्या एका कारखान्यात तो असाच सापडला. अजून त्याच्या शर्टाची बटणं बायको लावते.

जुनी पेटी होती तिची किल्ली, म्हणजे पाण्याचा व्हॉल केव्हा किती उघडायचा ते, कुणीतरी एकदा फिरवून ठेवली होती. मंद होती, पण काल जशी तशीच आज. नवी म्हणे शिकते. आपली किल्ली आपणच फिरवते. शिकणारा चुकतो हे मी माझ्या अनुभवानं सांगतो, मी शिकत होतो तेव्हा लोकांच्या मोटारी जळल्या. ही शिकताना काय जळेल?

रागानं लिहीत नाही. मला कळेल असं समजावून लिही. फोन करू नकोस. एसटीडीच्या खोक्याबाहेर माणसं ताटकळत असली की मला भीती सांगता येत नाही, मी आपला हवापाणी बोलतो.

माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा
गुरुसिद्धमामा


पुणे
२३ नोव्हेंबर १९९७

ती. मामा व मामी यांस रक्षिताचा शि. सा. नमस्कार, शरणु शरणार्थी.

पत्र मिळालं. मी बसूनच जेवते, असं मामीला शपथेवर सांगा.

मामा, तुमचा प्रश्न आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही माझ्या साहेबांपेक्षा बरा विचारलात. दोन वाटा असतात. पहिलीत आधीच बसून सगळं धरायचं: बगॅस, म्हणजे ते उसाचं पिळलेलं चिपाड, किती ओलं येईल, किती कोरडं येईल, मिल अचानक थांबली तर काय, व्हॉल अडकला तर काय. या सगळ्यात टिकेल अशी एक किल्ली शोधायची आणि कायम करायची. याला आम्ही रोबस्ट म्हणतो. अशी पेटी कुठल्याच दिवशी उत्तम नसते, पण धरलेल्या कुठल्याही दिवशी दगा देत नाही. दुसरी वाट अडॅप्टिव्ह. पेटी बघत राहते, की मी इतका व्हॉल उघडला तर पाणी किती वाढलं, आणि त्यावरून आपली किल्ली बदलत जाते.

मामी रोज पीठ बघून पाणी घालते. आमच्या मेसची बाई रोज एक तांब्या घालते. भाकरी कुणाच्या हातची हवी ते तुम्हीच सांगा.

तुमच्या पेटीत दोन्ही रीती आहेत. बाजूला एक खटका आहे. सध्या शिकणारी चालू आहे, कारण बगॅस तासातासाला बदलतं आणि वाफ एकसारखी मिळावी असा कारखान्याचा आग्रह आहे. तिनं राखलेल्या पाण्याचा आलेख मी आठवड्याला मागवते. लावलेल्या दह्यासारखा सपाट आहे. संक्रांतीनंतर कुठली रीत कायम करायची ते मला लिहून द्यायचं आहे. तोवर मल्लेशला सांगा, आक्का झोपलेली नाही.

लोभाची धग अशीच राहू द्यावी.

आपली
रक्षिता


॥ श्री ॥

कोल्हापूर
१५ डिसेंबर १९९७

चि. रक्षितास आशीर्वाद.

अक्षराकडे बघू नकोस. सगळे जिवंत आहेत, हे आधी वाच. मग पुढचं वाच.

शनिवारी दुपारी मिल बंद पडली. उसात कुठलासा लोखंडी तुकडा आला म्हणे. तासाभरानं चालू केली. वाफ एकदम ओढली गेली आणि ड्रममधलं पाणी उतू जाणाऱ्या दुधासारखं आधी फुगून वर आलं. मल्लेश म्हणतो, हे नेहमीचं, फुगतं आणि मग खाली बसतं, आणि पेटी पाणी वाढवून सांभाळून घेते. या खेपेला खाली बसलं ते बसतच गेलं. पेटी पाणी देत होती, पण कशी, तर कंजूस घरची सून पावण्याला तूप वाढते तशी. काचेत बोटभर पाणी उरलं तेव्हा मल्लेशनं बगॅस तोडलं, विस्तव पाडला, आणि सगळ्यांना मागं व्हायला ओरडला. स्वतः मागं झाला नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला काच कुणीतरी बघायला पाहिजे होती.

नळी फुटली नाही. इतकंच झालं.

तो हे सगळं मला परसात सांगत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होतो. मामीला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. ती आतून म्हणाली की भिंती पातळ आहेत. मग रात्री जेवण कुणी केलं नाही.

तुझा आलेख दह्यासारखा सपाट होता ना गं? महिनाभर शहाण्यासारखी वागली आणि ऐन वेळी हात आखडला. अशा माणसाला तर मी दुकानाच्या पायरीवर उभा करत नाही. तो खटका फिरव. हात जोडतो.

मामा


पुणे
१९ डिसेंबर १९९७

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

खटका फिरवायला मी त्याच दिवशी फोनवरून सांगितलं. आता जुन्याच किल्लीवर चालू आहे, पण ती कामचलाऊ आहे, या बॉयलरसाठी कुणी धड हिशेब करून लावलेली नाही.

मामा, मी घाबरले आहे. आलेख समोर पसरून चार दिवस बसले. पेटी महिनाभरात एक गोष्ट शिकली: व्हॉल बोटभर उघडला की तीन बोटं पाणी येतं. म्हणून ती दर आठवड्याला व्हॉल कमी कमी उघडायला लागली. तिच्या लेखी तेवढं पुरत होतं. आणि खरंच पुरत होतं, काच साक्षीला आहे. पण त्या व्हॉलातून तेवढं पाणी येऊच शकत नाही. मी तीनदा मांडून बघितलं. मग शनिवारी ते जास्तीचं पाणी आलं नाही.

ते येत कुठून होतं? मीटर खोटं बोलतंय की मी वेडी झालेय? साहेब म्हणतात अटेंडंटनं काहीतरी केलं असणार. मल्लेशला शांतपणे विचारायला सांगा. त्याच्यावर माझा संशय नाही, पण बॉयलरपाशी काय चालतं ते तोच मला सांगू शकतो. मी आलेख बघत होते तेव्हा तो वाफेसमोर उभा होता, हे डोक्यातून जात नाही.

मला तुमची म्हणत राहा.

रक्षिता


बॉयलर हाऊस, कारखाना
२८ डिसेंबर १९९७

आक्कास मल्लेशचा शरणु शरणार्थी.

तुझं पत्र अप्पांनी दावलं आन उत्तर मलाच लिवायला लावलं. माझं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय, सोसून घे.

जास्तीचं पाणी कुठनं येत हुतं ते घावलं. आमच्या पाळीला खाली पंपापाशी गुंडूतात्या असत्यात. बॉयलरवर त्येंची हयात गेली. पेटीच्या व्हॉलाला वळसा घालून एक जुना हातव्हॉल हाय न्हवं, त्येला तुमच्या लोकांनी 'हात लावू नये' अशी पाटी अडकिवली. पाटी हाय तशीच हाय. पर पंपापाशी काट्यावर पाणी जरा खाली निघालं की तात्या त्यो व्हॉल अर्धा आटा, म्हंजे अर्धा फेरा, सोडायचे, वर आलं की बंद. रोजच्याला. मला पत्ता न्हाय. पेटीला वाटलं समदं पाणी तिचंच.

त्या शनवारी तात्या काकूस्नी घिऊन सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रंला गेलते. बदलीवर नवा माणूस. त्यानं पाटी वाचली आन हात लावला न्हाय. आता त्येची काय चूक सांग.

तात्यांस्नी इचारलं तर आधी न्हायच म्हणाले. मी म्हटलं, समदं आक्काच्या अंगावर येतंय. तवा खाली बघून बोलले, "पोरगं वर उभं हाय. त्या पेटीला पोरगं हाय व्हय?"



मग बाकीच्या पाळ्यांत चौकशी केली. समदीकडं त्योच खेळ. दुसऱ्या पाळीचे दिलदारभाई तर हसाय लागले, म्हणाले पेटी शिकतीया तर शिकू दे की, पर मास्तर आपण. ते एक आटा सोडत्यात. समदी भ्याली हुती आक्का, आन समदी एकमेकाला न सांगता हात देत हुती.

तात्यांचं नाव कुठं घालू नको. त्या पाटीवर आमच्या साहेबाची सही हाय, तात्यांची नोकरी जाईल.

माझ्यावर जीव हाय तसाच ठेव.

मल्लेश

ता. क. भ्या मलाबी वाटतंय. पाणी बोटभर ऱ्हायलं तवापास्नं डोळं मिटलं की काचच दिसती. अप्पांस्नी सांगू नको.


पुणे
५ जानेवारी १९९८

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

मल्लेशचं पत्र आलं. कोडं सुटलं आणि माझी झोप गेली.

मामी पीठ मळत असताना मागून कुणी गुपचूप पाणी ओतत राहिलं, तर मामीला वाटेल आपला तांब्याच मोठा आहे. ती कमी कमी घालायला लागेल. भाकऱ्या झकास होतील. मग एक दिवस ते माणूस गावाला जाईल. तुमच्या बॉयलरवर झालं ते एवढंच. पेटी बॉयलर शिकली नाही, ती गुंडूतात्यांची माया शिकली.

साहेबांना मी नाव न घेता सांगितलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे: हातव्हॉलाला कुलूप घाला, मग शिकणारी पेटीच उत्तम. ते चुकीचं बोलत नाहीत. पण कुलूप घातलं आणि पेटी कधी अडली, तर मल्लेशच्या हातात काय राहिलं?

दुसरी वाट कायमच्या किल्लीची. मी नवा हिशेब मांडला आहे, कुणी हात दिला तरी आणि न दिला तरी टिकेल असा. टिकतो. पण वाफ थोडी हेलकावणार, मिलवाले कुरकुरणार, बगॅस जास्त जळणार. आणि मुख्य भीती वेगळीच आहे. ती किल्ली मी धरलेल्या गोष्टींतच टिकते. न धरलेली गोष्ट आली की ती आंधळी. महिन्यापूर्वी मी गुंडूतात्यांना धरलं नव्हतं. अजून काय धरलं नसेल, ते मला कसं कळणार?

दोन्हीकडे मला मल्लेशच उभा दिसतो. मामा, तुम्ही सांगाल ते मी लिहून देईन.

रक्षिता


॥ श्री ॥

कोल्हापूर
१० जानेवारी १९९८

चि. रक्षितास आशीर्वाद.

सांगणार नाही.

राग मानू नकोस. ज्याचं पोर वाफेसमोर उभं आहे त्यानं मत दिलं तर ते मत नसतं, हंबरडा असतो. मला विचारशील तर मी विस्तव विझवा म्हणेन, कारखान्याला टाळं लावा म्हणेन, लोकांनी चहा गुळाचा प्यावा म्हणेन. तुझ्या मामीनं परवा तेच केलं. मल्लेश आला तशी दारात आडवी उभी राहिली, नोकरी सोड म्हणाली. तो तिच्यापाशी बसला आणि म्हणाला, "आई, मी सोडली तर तिथं कुणाचं तरी पोरगंच उभं ऱ्हाणार." ती उठून आत गेली. थोड्या वेळानं त्याच्या पिशवीत चटणीची बरणी भरताना दिसली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, जसं काही बॉयलर मीच पेटवला.

एक मात्र विचारतो, उत्तर मला देऊ नकोस, स्वतःला दे. कुलूप व्हॉलाला घालशील. गुंडूतात्याच्या भीतीला कुठलं घालशील?

भोगीला तीळ लावलेली भाकरी तुझ्या वाटणीची मी खाईन. तब्येतीस जप. लिहून झालं की कळव, काहीही लिहिलंस तरी तू आमचीच.

मामा


पुणे
२० जानेवारी १९९८

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

लिहून दिलं. शिकणारी रीत बंद. कायमची किल्ली.

शिकणारी वाईट म्हणून नव्हे. जिथं कुणी मधे हात घालत नाही तिथं मी उद्याही तीच बसवीन. पण इथं माणसं आहेत, ती भितात, आणि भ्यालेली माणसं मदत करतात. भिऊ नका असा हुकूम मला काढता येत नाही. म्हणून मी तात्यांचा हात ओल्या बगॅससारखाच धरला: येईल, येणार नाही, अर्धा आटा येईल, दिलदारभाईंचा पूर्ण आटा येईल. या सगळ्यात पाणी काचेतच राहिलं पाहिजे. कुलूप घालायचं नाही आणि पाटी काढायची, हेही लिहिलं. नाव कुणाचं घातलं नाही.

साहेब म्हणाले, कागदावर टिकतं ते कारखान्यात टिकवून दाखव. बुधवारी २८ तारखेला दुपारी मिल मुद्दाम थांबवून चालू करायची, दोनदा. एकदा तात्या हात देतील, एकदा देणार नाहीत. पाळी मल्लेशची आहे. मी बदलून मागितली नाही, त्यानं मागू दिली नाही.

मी काचेपाशी त्याच्या शेजारी उभी राहणार आहे. मामीला सांगू नका. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटतंय.

आशीर्वाद हवा आहे. या वेळी रीतीपुरता नको.

रक्षिता


॥ श्री ॥

कोल्हापूर
३० जानेवारी १९९८

चि. रक्षिता हिस मामा व मामीचे आशीर्वाद.

तू परवा काम झाल्यावर गेटवर माझ्या पाया पडलीस आणि रडायला लागलीस, मग मीही लागलो, वॉचमननं पावणं पावणं करत दोघांना पाणी दिलं, आणि तुझी गाडी निघाली. बोलायचं सगळं राहिलं. ते आता लिहितो.

मी येणार नव्हतो. सकाळी मामीला सांगितलं की वायरचा माल बघायला चाललो, आणि एसटीत बसलो. ती म्हणाली वायरवाल्याला ही चटणी द्या, बॉयलरपाशी उभं राहून त्याचं तोंड कोरडं पडलं असेल. भिंती पातळ आहेत हे मी विसरतो.

आत कुणी सोडलं नाही. गेटबाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो. मिलची घरघर थांबली. आणि मग तो आवाज झाला. आभाळ फाटावं तसा, सगळा परिसर पांढरा. मी खाली मातीत बसलो, रक्षिता.  मला वाटलं, झालं. तुम्ही दोघंही. मी तुझ्या मेलेल्या आईला, माझ्या बहिणीला, काय तोंड दाखवू एवढंच डोक्यात आलं. रसवंतीवाल्यानं धरून उठवलं आणि म्हणाला, मिल थांबली की जादा वाफ वरून सोडतात, सेफ्टी व्हॉल हाय त्यो, रोजचंच हाय. त्याच्या रोजच्यानं माझा जीव जाता जाता राहिला.

पुढचं मला गुंडूतात्यानं सांगितलं. दुसऱ्या खेपेनंतर तो बाहेर आला, तुम्ही दोघं अजून आतच होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो. केवढासा माणूस. म्हणाला, पहिल्या खेपेला पोरीनं सांगितलं की रोज देता तसा हात द्या, तो दिला, पाणी जरा चढलं आणि बसलं. दुसऱ्या खेपेला सांगितलं की आता देऊ नका. हे त्याला जमेना. हात आपोआप व्हॉलाकडे जात होते, म्हणून त्यानं ते मागं बांधल्यासारखे धरले आणि डोळे मिटून घेतले. पाणी खाली चाललं तसं वरून मल्लेश ओरडून काच सांगत होता, अर्धं, अर्ध्याखाली, अजून खाली. आणि मग म्हणे मल्लेश गप झाला. तात्या म्हणाला, त्या गपमध्ये मी म्हातारा झालो.

मग वरून तुझा आवाज आला, "थांबलं. तात्या, डोळे उघडा."

एवढं सांगून तो माझ्या शेजारी बाकावर बसला. आम्ही दोघांनी रस घेतला, पण प्याला कुणी नाही. तो म्हणाला, उद्यापासनं बी मी हात देणार, सवय हाय. मी म्हटलं, द्या की, पोरीनं तुमचा हात हिशेबात धरलाय. त्यानं मला दोनदा विचारलं, माझा? म्हणून.

मल्लेश आज पाळीवर गेला. जाताना गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. मामीनं दार लावून घेतलं आणि देवापुढे बसली, रोजच्यासारखी. मीही दुकानात येऊन बसलोय आणि दर थोड्या वेळानं घड्याळ बघतोय. काही सुटलं नाही बाई. तू आम्हाला बिनघोर केलंस असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि तुला खोटं चालत नाही.

फक्त एक सांगायचं होतं. पुढं कधी या बॉयलरचा हिशेब परत मांडशील तेव्हा ओलं बगॅस धर, तात्याचा हात धर, आणखी कुणाकुणाचा सापडेल तो धर. माझी भीती मात्र धरू नकोस. ती राहू दे माझ्यापाशी. बापाला तेवढी लागते.

येत जा, बसून जेवत जा, आणि आमच्यावरचा लोभ थोडासुद्धा कमी करू नकोस.

तुझा
गुरुसिद्धमामा